खंडेनवमीचा विसावा

नाशिक, २४ सप्टेंबर २०२५

चिखलीच्या सहा गाळ्यांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आपण सगळे लहान वर्कशॉपवाले एकाच अन्यायाने गांजलेले आहोत. चूक वर होते आणि तिचा माल खाली येतो. चाकणची मोठी कंपनी ड्रॉइंग बदलते, कळवायला विसरते आणि नापास झालेले पार्ट टेम्पोत भरून आपल्या दारात ओतते. चौकशी कुणाचीच होत नाही. साखळीत जो सगळ्यात लहान असतो त्याच्या नावावर चूक लिहिली जाते आणि फाइल बंद होते.

यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये आपण सहा जणांनी मिळून गाळा नंबर एकच्या मागच्या खोलीत लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन बसवलं. चाकणहून आलेलं प्रत्येक ड्रॉइंग तारीख घालून त्या मशीनवर जातं. सहाही गाळ्यांतले कॉम्प्युटर ते तिथूनच उघडतात. जुनं ड्रॉइंग त्याच दिवशी ‘रद्द’ नावाच्या फोल्डरमध्ये पडतं. कोणतं ड्रॉइंग कोणत्या दिवशी आलं हे आता आपण छातीठोकपणे सांगू शकतो. चोरून आणलेल्या सॉफ्टवेअरवर आपण हे उभं केलेलं नाही, याचा मला अभिमान आहे आणि तुम्हालाही असावा.

माझं घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने एक शब्दही बोलायचा नाही अशी सक्त ताकीद दिली आहे, म्हणून मी नाशिकला मुलीकडे, पूर्वीकडे, येऊन राहिलो आहे. तीस वर्षं वर्गात आणि सभांत ज्याने हातातला माइक सोडला नाही त्याच्यावर ही वेळ यावी याचं तुम्हाला हसू येईल. हसा. पण फोन करू नका. मेलवर पत्र लिहा, मी उत्तर देईन.

मशीनची जबाबदारी विजयश्रीकडे आहे. ती माझी आयटीआयची विद्यार्थिनी, आणि मी शिकवलेल्यांत सगळ्यात सावध. तिला विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नका. अडीच वर्षांहून जास्त काळ ते एकदाही बंद पडलेलं नाही. ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडलेला इन्व्हर्टर त्याच्यामागे आहे, गुरुवारी दिवसभर वीज गेली तरी ते चालतं. काही अडलं की बंद करून पुन्हा चालू करणं हा आळशी माणसाचा इलाज आहे. आणि तात्पुरती जोडाजोड कुणीही करू नये. आपल्या धंद्याचा नाश तात्पुरत्या कामांनीच केला आहे.

दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा.

तुमचा,
श्रीपाद


रहाटणी, ४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
सा. न.

तुमची तब्येत कशी आहे? पूर्वीताईंनी वहीत लिहून बोलायची सवय लावली असेल असं वाटतं.

काल शुक्रवारी दसऱ्यानंतर गाळे उघडले आणि एकाही कॉम्प्युटरवर ड्रॉइंगचं फोल्डर उघडलं नाही. मी गाळा चारवरून मशीनला पिंग करून पाहिलं. उत्तर येतं, चारपैकी चार वेळा. पण फोल्डर उघडायला गेलं की ‘नो रूट टू होस्ट’ असं येतं. म्हणजे जे मशीन हाकेला ओ देतं, त्याच्यापर्यंत रस्ताच नाही असं कॉम्प्युटर सांगतो. मी दिवसभर केबल तपासत होते.

गाळा पाचचे ज्योतीरामभाऊ थांबले नाहीत. त्यांच्या पेन ड्राइव्हवर ऑगस्टमधलं ड्रॉइंग होतं. त्यावर त्यांनी काल तीनशे ब्रॅकेट काढले आणि रात्रीच्या टेम्पोने पाठवले. आज दुपारी सगळे परत आले. भोक साडेबारा मिलिमीटरचं हवं होतं, बाराचं निघालं. तो बदल २९ सप्टेंबरला आला होता. मी तेव्हाच नवं ड्रॉइंग मशीनवर चढवलं होतं आणि ग्रुपवर मेसेजही टाकला होता. ज्योतीरामभाऊ म्हणाले, सणासुदीत मेसेज कोण बघतं.

अर्जुनराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, “ताई, मशीन तुझ्या ताब्यात. मंग भोक कुणाच्या ताब्यात?” लोक हसले. अर्जुनराव सहा गाळ्यांचे अध्यक्ष आहेत, मी पुन्हा केबलकडे वळले.

पुढे काय तपासू ते कळवा. मशीनला बाहेरून आत यायची वाट तुम्ही मुद्दाम ठेवलेली नाही, त्यामुळे तुम्हाला नाशिकहून काही पाहता येणार नाही. तुम्ही सांगाल ते मी करून लिहीन.

तुमची विद्यार्थिनी,
विजयश्री


नाशिक, ५ ऑक्टोबर २०२५

चि. विजयश्री,
आशीर्वाद.

घाबरू नकोस. अडचण आली की माणसं कॉम्प्युटरकडे न बघता एकमेकांकडे बघायला लागतात. तू कॉम्प्युटरकडे बघ.

पिंगला उत्तर येतं याचा अर्थ केबल शाबूत आहे. केबल सोड. मागच्या खोलीत जा आणि मशीनवर बसून पाहा की सांबा चालू आहे का. फायली सगळ्या गाळ्यांना वाटणारी सेवा तीच. ती निजली असेल तर फोल्डर कुठेच उघडणार नाही. ती चालू असेल तर फोल्डरचे हक्क बघ, कुणाला वाचायची परवानगी आहे आणि कुणाला नाही. मग डिस्क भरली आहे का ते बघ. मी वर्गात सांगत असे तसं एका वेळी एकच गोष्ट तपास आणि काय दिसलं ते लिहून ठेव.

फायरवॉलकडे वेळ घालवू नकोस. कोण आत येईल आणि कोण नाही हे ठरवणारी ती भिंत मी स्वतः उभी केली आहे, सांबाला तिच्यातून वाट मी स्वतः दिली आहे. त्या दिवशी सहाही गाळ्यांत फोल्डर उघडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

ज्योतीरामला सांग की पेन ड्राइव्ह हा आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना शत्रू आहे. मी त्याच्यावर एक अख्खं भाषण केलं होतं, आणि ज्योतीराम पहिल्या रांगेत बसून माना डोलावत होता.

श्रीपाद


रहाटणी, ८ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
सा. न.

तुम्ही सांगितलेलं सगळं सोमवारी तपासलं. सांबा चालू आहे. हक्क बरोबर आहेत. डिस्क निम्मी रिकामी आहे. विशेष म्हणजे त्याच मशीनवर बसून उघडलं तर फोल्डर लगेच उघडतं, २९ तारखेचं ड्रॉइंगही दिसतं. फक्त गाळ्यांतून उघडत नाही.

हे मी मागे उभ्या असलेल्या अर्जुनरावांना दाखवलं, आणि तीच चूक झाली. मला वाटलं, फायली सुखरूप आहेत हे पाहून त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, “म्हंजी फायली हाइत, आमालाच दिसत न्हाईत. मंग कुलूप लावलं कुणी?” ही त्यांची रीत सरळ आहे. दार बंद असेल तर किल्लीवाल्याला विचारायचं. त्यांनी खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली.

काल त्यांनी चिंचवडहून नवनाथला बोलावलं. त्याचं स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. चौकशीला उत्तरं द्यायला म्हणून मला शेजारी उभं केलं होतं. नवनाथ माणूस बरा आहे, पण लिनक्सवर त्याचा हात फार बसलेला नाही. अर्जुनरावांनी माझ्याकडून पासवर्ड घेऊन त्याला दिला आणि त्याने फायरवॉलची यादी काढली. तीत सांबाचं नाव नाही, सर. नवनाथ म्हणाला, कुणीतरी परवानगी काढून घेतली. अर्जुनरावांनी माझ्याकडे पाहिलं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. खंडेनवमीला, १ तारखेला, मी पूजेला नव्हते. मी चाकणला मुलाखतीला गेले होते. आपल्याला ड्रॉइंग पाठवते त्याच कंपनीत ड्रॉइंग सांभाळणाऱ्या विभागात जागा आहे. कंपनीची बस रहाटणीच्या नाक्यावरून जाते, आईच्या औषधपाण्याची सोय आहे. निवड झाली आहे. तुम्हाला न विचारता गेले, कारण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मग मला जाववलं नसतं. चिखलीत ही बातमी ज्योतीरामभाऊंकडून पसरली. आता सगळे म्हणतात, जाता जाता पोरीने दार लावून घेतलं.

चाकणवाल्यांना अनुभवाचा दाखला १७ ऑक्टोबरच्या आत हवा आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी. मी कागद टाइप करून अर्जुनरावांच्या टेबलाच्या वरून दुसऱ्या खणात ठेवला आहे. अर्जुनराव सही करत नाहीत. म्हणतात, आधी कुलूप उघड.

एक विचारायचं आहे. तुम्ही बसवल्यापासून ते मशीन किती वेळा बंद होऊन पुन्हा चालू झालं?

विजयश्री


नाशिक, ९ ऑक्टोबर २०२५

चि. विजयश्री,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एकदाही नाही. ते मशीन बंद होतच नाही. २०२३ च्या खंडेनवमीला मी चालू मशीनला हार घातला, २०२४ लाही. बाकीची मशिनं पुसून, तेल देऊन थांबवली, पण हे थांबवू दिलं नाही. तेव्हा त्या दिशेने जाऊ नकोस.

मुलाखतीबद्दल. मी तीस वर्षं एकच गोष्ट बोलत आलो. चांगल्या हातांनी मोठ्या कंपनीच्या गेटवर रांग लावू नये, आपलं स्वतःचं काहीतरी उभं करावं. ते बोलताना माझ्या डोळ्यांसमोर ज्या दोन-चार चेहऱ्यांची आशा होती त्यांतला एक तुझा होता. ज्या कंपनीचा नापास माल आपल्या दारात पडतो, तिच्याच टेबलावर तू बसणार. ठीक आहे. तू सज्ञान आहेस.

अर्जुनरावांना पत्र लिहायचं का, याचा विचार करतो. पण फायरवॉलच्या यादीतून नाव आपोआप पुसलं जात नाही. नवनाथ येईपर्यंत त्या मशीनचा पासवर्ड दोघांकडेच होता, माझ्याकडे आणि तुझ्याकडे. मी नाशिकला आहे. तू काही केलं असशील असं मी म्हणत नाही. घाईत काही झालं असेल तर मात्र आत्ताच सांग.

श्रीपाद


रहाटणी, १२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी यादीला हात लावलेला नाही. एवढं एकदाच लिहिते.

परवा सुभद्राबाईंनी मला चहाला बोलावलं. गाळा तीनच्या. नवरा गेल्यापासून लेथ त्याच चालवतात आणि खंडेनवमीची सहाही गाळ्यांची पूजा त्यांच्याच हातची असते, हे तुम्हाला माहीत आहे. माझा चहा तसाच निवलेला पाहून त्यांनी विचारलं, पोरी, तुझं काय बिनसलंय. मी मशीनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यो मागच्या खोलीतला? त्याला काय झालं? मी तर त्याला चांगला विसावा दिला.”

मी विचारलं, म्हणजे काय केलंत.

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पूजेला मी नव्हते, तुम्हीही नव्हता. त्यांनी लेथ, प्रेस, ड्रिल सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांचे खटके पाडले, आणि शेवटी मागच्या खोलीत गेल्या. तिथला पंखा घरघरत होता. “समद्या मशिनी आजच्या दिशी निजत्यात. ह्या बिचाऱ्यानं अडीच वरसं डोळा मिटला न्हाई. ह्यानं काय पाप केलं?” असं म्हणून त्यांनी हार घातला, इन्व्हर्टरचं बटण बंद केलं, आणि शुक्रवारी सकाळी सगळ्यात आधी येऊन स्वतःच्या हाताने चालू केलं. त्यांनी हे लपवलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. इन्व्हर्टरवर अजून कुंकवाचं बोट आहे.

मग मी तुमच्या नोट्स काढल्या, ज्या तुम्ही आम्हाला वर्गात दिल्या होत्या. फायरवॉलला दोन प्रकारे सांगता येतं. नुसती ओळ लिहिली तर परवानगी लगेच मिळते, पण ती मशीन चालू आहे तोवरच राहते. ‘परमनंट’ हा शब्द घालून लिहिली तर ती कायमच्या यादीत नोंदली जाते. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की ते कायमची यादी वाचतं आणि बाकी सगळं विसरतं. ‘नो रूट टू होस्ट’ हेही आता कळलं. रस्ता होता. भिंतीने परत पाठवलं, आणि समोरच्या कॉम्प्युटरने त्याचा अर्थ रस्ता नाही असा लावला. पिंगला भिंत अडवत नाही म्हणून तेवढं जात होतं.

आणखी एक. मंगळवारी नवनाथने मशीनवर पूर्वी दिलेल्या आज्ञांची यादी उघडली होती. तुमच्या नावाखाली १४ फेब्रुवारी २०२३ ची एक ओळ होती. त्याने विचारलं, “ताई, ही ओळ कुणाची?” अर्जुनराव दारातच होते. मी म्हणाले, जुनी आहे, तिचा काही संबंध नाही. तेव्हा मला ती पुरती कळलीही नव्हती, पण तुमचं नाव दिसलं म्हणून पान पुढे सरकवलं.

ती ओळ तुम्हाला आठवत असेल. मी इथे लिहीत नाही. अर्जुनराव आधीच म्हणतात की हे फुकटातलं लिनक्स काढून टाकावं आणि ज्याचं त्याने पेन ड्राइव्हवर बघावं. तुमचं नाव निघालं तर ते सगळं मशीनच मोडीत काढतील. आणि तुमच्याबद्दल तुमच्याआधी मी बोलणं मला बरं दिसत नाही.

१७ तारीख शुक्रवारी आहे.

विजयश्री


रहाटणी, १४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,

उत्तर आलं नाही. बरे असाल अशी आशा आहे.

काल नवनाथने फायरवॉल पूर्ण बंद केली. सगळीकडे फोल्डर उघडलं, अर्जुनरावांनी त्याला पेढा दिला आणि मला म्हणाले, “बघ, दहा मिन्टाचं काम व्हतं.” आता भिंतच नाही. गाळ्याच्या वायफायवर येणाऱ्या कुठल्याही टेम्पोवाल्याच्या मोबाइललासुद्धा मशीनच्या अंगणात मोकळं फिरता येईल. माझ्याकडे किल्ली नाही, त्यामुळे मला काही करता येत नाही. निदान ती बरोबर ओळ तुम्ही नवनाथला कळवा. मी सांगितलेलं तो ऐकणार नाही, आणि ऐकलं तरी अर्जुनराव ऐकू देणार नाहीत.

दाखल्याचं मी पुन्हा विचारलं नाही. ज्योतीरामभाऊंनी आज मला गेटवर ताई म्हणून हाक मारली आणि मग मान खाली घातली. तीनशे ब्रॅकेट अजून त्यांच्या दाराशी पडलेले आहेत.

विजयश्री


नाशिक, १५ ऑक्टोबर २०२५

चि. विजयश्री,

तुझं १२ तारखेचं पत्र आल्यावर मी माझी जुनी वही काढली. १४ फेब्रुवारीच्या पानावर माझ्या अक्षरात तीच ओळ आहे. ‘परमनंट’ नाही. तिच्याखाली मी लिहिलं आहे, ‘आता चालतंय का बघू. उद्या कायमचं करतो.’ त्या उद्याचं पान कोरं आहे. संध्याकाळी आपण नारळ फोडला आणि मी भाषण केलं.

वही सापडल्यावर तीन दिवस मी गप्प बसलो. ते डॉक्टरांनी सांगितलेलं गप्प बसणं नव्हतं. तू जाणार याचा मला राग होता, आणि दाखला अडकला तर तू राहशील असंही एक-दोनदा मनात आलं. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण पुढच्या भाषणात मी ते विसरेन.

तुझा ‘किती वेळा बंद झालं’ हा प्रश्न वाचला तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुला तो पडला, मला अडीच वर्षांत पडला नाही. अभिमानाने मी एकदाही ते मशीन बंद करून पाहिलं नाही, आणि जे बंद करून पाहिलेलं नाही ते चालतंच असं मी सगळ्यांना सांगत राहिलो.

सोबत सगळ्यांना लिहिलेलं पत्र जोडलं आहे. पासवर्डबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो.

श्रीपाद


नाशिक, १५ ऑक्टोबर २०२५

चिखलीच्या सहा गाळ्यांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

तीन आठवड्यांपूर्वी मी तुम्हाला लिहिलं होतं की चूक वर होते आणि तिचा माल खाली येतो. साखळीत जो सगळ्यात लहान, त्याच्या नावावर ती लिहिली जाते. हे मी चाकणच्या कंपनीबद्दल लिहिलं होतं. या पंधरवड्यात चिखलीत तेच झालं आणि ते आपण केलं.

आता चूक कुणाची ते ऐका. ती माझी आहे. मशीन बसवलं त्या दिवशी फायरवॉलमधून ड्रॉइंगच्या फोल्डरला जी वाट दिली, ती मी तात्पुरती दिली. दुसऱ्या दिवशी कायमची करायची होती, ती राहून गेली. मशीन कधी बंदच झालं नाही म्हणून ते उघड झालं नाही. सुभद्राबाईंनी खंडेनवमीला त्याला विसावा दिला, इतर यंत्रांना देतात तसाच, आणि उठल्यावर मशीन माझी तात्पुरती ओळ विसरलं. सुभद्राबाईंना कुणी एक शब्द बोलू नये. मी वर्षानुवर्षं जी तपासणी टाळली ती त्यांनी एका हारात केली. दरवर्षी त्या दिवशी ते मशीन त्यांच्याच हातून बंद व्हावं अशी माझी इच्छा आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आज सकाळी मी नवनाथला बरोबर ओळ पाठवली. त्याने भिंत पुन्हा उभी केली, तिच्यातून सांबाला कायमची वाट दिली, मग मशीन दोनदा बंद केलं आणि दोनदा चालू केलं. दोन्ही वेळा सहाही गाळ्यांत २९ तारखेचं ड्रॉइंग उघडलं. जुन्या ओळीची तारीख आणि तिच्यावरचं माझं नाव त्याने अर्जुनरावांना पडद्यावर दाखवलं आहे. तो म्हणतो, अर्जुनरावांनी ते पाहिलं आणि विचारलं, “मंग पोरीनं सांगितलं का न्हाई?”

अर्जुनराव, तिने सांगितलं नाही, कारण माझं नाव निघालं तर तुम्ही मशीन मोडीत काढाल ही तिला भीती होती. सगळ्यांचं मशीन वाचावं म्हणून तिने स्वतःवरचा आळ राहू दिला. तुम्ही तिची किल्ली घेतलीत आणि मी तिला घाईत काही झालं का असं विचारलं. दोघांत कमी चुकलं कोण, हे ठरवायला बसू नका.

ज्योतीराम, तुझ्या दारातल्या ब्रॅकेटचं भोक बारावरून साडेबारा करता येतं. मोठं झालेलं भोक लहान करता आलं नसतं. कंपनीला विचार आणि पुन्हा ड्रिलला लाव. आणि तिचा मेसेज तू वाचला नव्हतास हे चार लोकांत सांग. ते सांगायला सण आड येत नाही.

विजयश्री चाकणला जाणार आहे. मला ते आवडलेलं नाही. पण ज्या टेबलावरून ड्रॉइंग बदलली जातात, त्या टेबलावर बदल कळवायला न विसरणारं एक माणूस बसणार आहे, हेही मला दिसतं. ते पुरतं पटायला मला वेळ लागेल. तिला तेवढा वेळ नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिची मुदत संपते.

कागद टाइप केलेला आहे. अर्जुनरावांच्या टेबलाच्या वरून दुसऱ्या खणात. उद्या गुरुवार, गाळ्यांना सुट्टी आणि वीज बंद. पण सहीला वीज लागत नाही. अर्जुनराव, उद्या सकाळी दहाच्या आत गाळा उघडा आणि विजयश्रीच्या दाखल्यावर सही करा.

श्रीपाद